रिपीटर: पेटीतून न्यायचा की टॉवरवर कायमचा बसवायचा?

वॉकीटॉकीच्या खोक्यावर '३० किलोमीटर रेंज' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. प्रत्यक्षात दोन इमारती मध्ये आल्या की पलीकडून नुसती खरखर येते. खोक्यावरचा आकडा अगदीच खोटा नसतो. एका शिखरावरून समोरच्या शिखरावर, मध्ये काहीही आडवं येत नसताना जे अंतर मिळतं, ते तिथे छापलेलं असतं. सपाटीवर उभ्या असलेल्या दोन माणसांना त्याचा काही उपयोग नाही.

पुराच्या किंवा भूकंपाच्या बातम्यांत मात्र 'मोबाइल टॉवर बंद पडले, रिपीटर उभारून संपर्क सुरू ठेवला' असं वाचायला मिळतं. हातातल्या त्याच सेटवर वीस-पंचवीस किलोमीटर बोलणं कसं काय जमलं, असा प्रश्न मग पडतोच. शोध-बचाव पथक, मोठा कारखाना, डोंगरातल्या शर्यतीचे आयोजक अशा कुणावर रिपीटर घ्यायची वेळ आली की त्यापुढचा प्रश्न येतो: पेटीत मावणारा, उचलून नेता येणारा घ्यावा, की उंचावर कायमचा बसवावा? माहितीपत्रकं या प्रश्नाचं उत्तर वॅटमध्ये देतात. निवड खरी ठरते ती उंची, फिल्टर आणि बॅटरी यांवर. वॅटचा नंबर बराच खाली लागतो.

## रिपीटर नेमकं काय करतो

टेकडीच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी आहेत आणि एकाची हाक दुसऱ्याला पोचत नाही. माथ्यावर तिसरा माणूस उभा केला, तर तो एकाचं ऐकून दुसऱ्याला ओरडून सांगेल. रिपीटर हा तो तिसरा माणूस. फक्त तो वाक्य संपायची वाट बघत नाही. एका कानाने ऐकत असतो आणि त्याच क्षणी तोंडाने तेच बोलत असतो.

ऐकणं आणि बोलणं एकदम चालायचं तर दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी लागतात. रिपीटर एकीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. हातातले सेट याच्या उलट लावलेले असतात: रिपीटर ज्यावर ऐकतो त्यावर ते बोलतात. या दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर किती, हे लक्षात ठेवा. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या हौशी रेडिओ पट्ट्यात ते सहसा ६०० किलोहर्ट्झ असतं. ४५० मेगाहर्ट्झच्या आसपास पुष्कळ ठिकाणी ५ मेगाहर्ट्झ असतं. पेटी हातात उचलता येईल की दोघांनी धरावी लागेल, हे या एका आकड्यावरून ठरतं. त्याचं कारण पुढे येईलच.

## सगळ्यात आधी उंची

या फ्रिक्वेन्सींच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीलगतची रेषा थोड्याच अंतरावर क्षितिजाला टेकते. हे अंतर काढायचा हिशेब सोपा आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

माणसाच्या तोंडाजवळचा सेट दीड मीटरवर असतो, त्याचं क्षितिज साधारण ५ किलोमीटर. समोरच्याचंही तेवढंच. म्हणजे मोकळ्या मैदानात कागदावर १० किलोमीटर. झाडं, घरं आणि माणसाचं स्वतःचं शरीर यांनी खाल्ल्यावर त्यातले दोन-तीन उरतात. आता ६ मीटरच्या काठीवर अँटेना लावली तर तिचं क्षितिज १० किलोमीटर. ३० मीटरच्या टॉवरवर साडेबावीस. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा २०० मीटर उंच असलेल्या डोंगरावर ५८. शिवाय रिपीटर मध्यभागी असला, तर दोन्ही दिशांना तेवढं अंतर मिळतं.

५८ किलोमीटर मिळाले ते डोंगरामुळे. त्या डोंगरावर ६ मीटरची काठी रोवली काय किंवा १५ मीटरचा टॉवर उभारला काय, लांबच्या अंतरात फारसा फरक पडत नाही. डोंगराची उंची आयती मिळत असेल तर उचलता येणारी पेटीसुद्धा कायमच्या संचाची बरोबरी करते. सपाट प्रदेशात मात्र उंची माणसाने बांधूनच मिळवावी लागते, आणि बांधलेला टॉवर खांद्यावर घेऊन फिरता येत नाही.

## मग वॅट वाढवले तर?

रेडिओतली वाढ-घट डेसिबलमध्ये मोजतात. एवढंच ध्यानात ठेवलं तरी पुरे: ३ डेसिबल म्हणजे दुप्पट किंवा निम्मं, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट किंवा एक दशांश.

हातातला सेट ४-५ वॅटचा असतो. रिपीटर ५० वॅटचा घेतला तर त्याचा आवाज सेटच्या दहापट ताकदीने जातो. लांबवरच्या माणसाला रिपीटर स्वच्छ ऐकू येतो, तो उत्साहाने बटण दाबून बोलतो, आणि त्याचे ५ वॅट रिपीटरपर्यंत पोचतच नाहीत. इंग्रजी बोलणारे हौशी रेडिओवाले अशा रिपीटरला मगर म्हणतात: तोंड मोठं, कान लहान. बचावकार्यात मगर जास्त धोक्याची, कारण 'आपल्याला ऐकू येतंय, म्हणजे आपलंही पोचतंय' असा समज होतो.

चांगल्या जागी लावलेली चांगली अँटेना जाणारा आणि येणारा दोन्ही सिग्नल सारखेच सुधारते. वॅट फक्त जाणारा सुधारतात. म्हणून हातातल्या सेटसाठी १० वॅटची पेटी कमकुवत समजू नये, ती मापात असते. थोडी ढील ठेवायला हरकत नाही. बोलताना सेट तोंडाशी असतो, पण ऐकताना पुष्कळदा कमरेला अडकवलेला असतो आणि तिथे त्याला सिग्नल बराच कमी मिळतो. त्यामुळे २५ वॅटपर्यंत जाण्यात अर्थ आहे. सगळे सेट गाड्यांत बसवलेले, २५ ते ५० वॅटचे असतील, तर ५० वॅटचा रिपीटर त्यांना शोभतो.

## कान आणि तोंड यांच्यामधली भिंत: डुप्लेक्सर

निवडीचा सगळ्यात कळीचा भाग इथे आहे आणि बहुतेक खरेदी इथेच फसते.

चांगला रिसीव्हर ०.२५ मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकू शकतो. त्याच पेटीत, त्याच अँटेनावर १० वॅटचा ट्रान्समीटर चालू असतो. दोन्ही ताकदींचं गुणोत्तर मांडलं तर आठावर पंधरा शून्यं येतात. कानाशी भोंगा वाजत असताना शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकायची, असं हे काम आहे. भोंग्याचा सूर वेगळा असला तरी कान बधिर होतोच. रेडिओवाले याला डीसेन्स म्हणतात. आपण बधिरपणा म्हणू.

त्यावरचा उपाय म्हणजे डुप्लेक्सर. सुरुवातीला म्हटलेला फिल्टर तो हाच. धातूच्या पोकळ डब्यांची एक माळ, प्रत्येक डबा ठरावीक फ्रिक्वेन्सीला गुंजणारा. रिसीव्हरच्या वाटेवरचे डबे ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी अडवतात. ट्रान्समीटरच्या वाटेवरचे डबे, त्याच्या मुख्य सिग्नलच्या आजूबाजूला जो बारीक गोंगाट सांडतो, तो रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर येऊ देत नाहीत. दोन्ही बाजू लागतात. एकच बाजू नीट असेल तर बधिरपणा तसाच राहतो आणि माणूस चुकीच्या ठिकाणी दोष शोधत बसतो.

आता त्या लक्षात ठेवलेल्या आकड्याकडे येऊ. ४५० मध्ये ५ मेगाहर्ट्झचं अंतर म्हणजे सुमारे १.१ टक्के. १४५ मध्ये ०.६ मेगाहर्ट्झ म्हणजे जेमतेम ०.४ टक्के. दोन सूर जितके जवळ, तितके ते वेगळे करायला मोठे आणि काटेकोर डबे लागतात. शिवाय डब्याची लांबी पाव तरंगलांबीच्या हिशेबात असते: ४५० ला साधारण १७ सेंटीमीटर, १४५ ला ५० सेंटीमीटरच्या वर. परिणाम असा, की ४५० चा, ५ मेगाहर्ट्झ अंतराचा, छोट्या ताकदीचा डुप्लेक्सर जाडजूड पुस्तकाएवढा असतो आणि साधारण ७० डेसिबलची, म्हणजे एक कोटीपटीची भिंत घालतो. १४५ वर ६०० किलोहर्ट्झसाठी चार ते सहा उंच नळकांडी लागतात. ती हलवताना ठेच लागली तरी जुळणी बिघडते.

म्हणून उचलता येणारा रिपीटर हवा असेल तर आधी उपलब्ध फ्रिक्वेन्सीची जोडी बघा. वरच्या पट्ट्यात, निदान ५ मेगाहर्ट्झ अंतराची जोडी मिळत असेल तर पेटी शक्य आहे. खालच्या पट्ट्यात अंतर फार कमी असेल तर पेटीचा नाद सोडलेला बरा. त्याच पट्ट्यात तीन-चार मेगाहर्ट्झहून जास्त अंतराची जोडी मिळाली तर छोटा डुप्लेक्सर तिथेही चालतो.

आणखी एक. डुप्लेक्सर ठरावीक जोडीलाच जुळवलेला असतो. 'पेटी कुठेही न्या आणि तिथली फ्रिक्वेन्सी भरा' हे बटण दाबून होणारं काम नाही. जोडी बदलली की डुप्लेक्सर मोजणीच्या उपकरणावर पुन्हा जुळवावा लागतो. न जुळवता वापरला तर ट्रान्समीटरची ताकद डब्यांतच जिरते किंवा उलटी फिरते, आणि ट्रान्समीटर जळू शकतो.

## डुप्लेक्सरशिवाय, दोन अँटेना लावून भागेल का?

कधी कधी भागतं, पण आडव्या अंतराने क्वचितच. दोन उभ्या अँटेना एकाच काठीवर, एकीच्या बरोबर वर दुसरी अशा लावल्या तर त्यांना एकमेकींचा त्रास कमी होतो, कारण उभी अँटेना स्वतःच्या डोक्यावर आणि पायाशी फार कमी ताकद फेकते. ४५० वर ६ मीटरचं उभं अंतर ठेवलं तर कागदावर ६६ डेसिबलच्या आसपास भिंत मिळते. तेवढंच अंतर १५० वर फक्त ४७ देतं. आडवं अंतर याहून फार कमी देतं: १५० वर ३० मीटर लांब नेऊनही ४५ च्या आसपास, आणि अँटेना जास्त गेनच्या, म्हणजे ताकद क्षितिजाकडे एकवटणाऱ्या, असतील तर त्यातूनही वजाबाकी. म्हणजे डुप्लेक्सर वाचवायला उंच काठी, दुसरी केबल आणि ताणाच्या दोऱ्या आल्या. पेटीसाठी हा सौदा सहसा परवडत नाही. खालच्या अँटेनाची उंची वाया जाते ते वेगळंच.

## पेटीत काय काय असावं

डोंगरावर दोघांनी नेऊन उभा करायचा संच असा धरा: १० वॅटचा रिपीटर, जुळवलेला डुप्लेक्सर, ६ मीटरची घडीची काठी, तीन ताणाच्या दोऱ्या आणि खुंट्या, साध्या गेनची उभी अँटेना, ८ ते १० मीटर चांगली केबल, बॅटरी, फ्यूज आणि एक जादा केबल. जादा केबल विसरू नका. शेतात किंवा डोंगरावर बंद पडणाऱ्या दहा गोष्टींपैकी निम्म्या केबलच्या टोकाला असतात.

केबलच्या बाबतीत लोक फार काटकसर करतात. पातळ, पेन्सिलीहून बारीक आरजी-५८ केबल ४५० वर ३० मीटरमध्ये १० डेसिबल खाते. २५ वॅट घातले तर अँटेनाशी अडीच पोचतात. येणाऱ्या सिग्नलचंही तेच होतं. अर्ध्या इंचाची, नालीदार तांब्याच्या कवचाची केबल तेवढ्याच लांबीत दीड डेसिबलच्या आत खाते, म्हणजे १८ वॅट तरी वर पोचतात. पेटीसाठी ती फार ताठ पडते, म्हणून तिथे केबल आखूड ठेवायची आणि रिपीटर काठीच्या बुंध्याशीच ठेवायचा.

एक बारीक खोच इथे सांगायला हवी. अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख आणि त्यावर कल्हई केलेल्या तांब्याची जाळी अशी केबल एरवी उत्तम चालते, पण रिपीटरवर त्रास देऊ शकते. एकाच केबलमधून एकदम जाणं-येणं चालू असताना दोन धातू हलत्या स्पर्शात आले की बारीक खरखर निर्माण होते, आणि ती नेमकी रिसीव्हरच्या कानात पडते. वाऱ्यात केबल हलली की आवाज तुटतो, वारा थांबला की सगळं ठीक. अशी तक्रार आली की आधी केबल बदलून बघा. पेटीच्या आतले जोडही दुहेरी तांब्याच्या जाळीच्या केबलचेच असावेत.

बंद पेटीत उष्णताही मोजून घ्या. १० वॅट बाहेर फेकणारा संच साधारण १२.८ व्होल्टवर ३ अँपिअर ओढतो, म्हणजे ३८ वॅट. उरलेल्या २८ वॅटची उष्णता पेटीतच राहते. झाकण लावून उन्हात ठेवलेली पेटी तासाभरात भट्टी होते. झाकण उघडं, पंखा चालू आणि वर सावलीचं कापड. थेट प्लास्टिक पांघरून ठेवू नका.

## बॅटरी: कागदावर करून बघायचा हिशेब

बोलताना ३ अँपिअर, नुसतं ऐकताना ०.४ अँपिअर, आणि दिवसातला एक चतुर्थांश वेळ बोलणं चालू, असं धरू. सरासरी येते १.०५ अँपिअर. चोवीस तासांचे सुमारे २५ अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये, म्हणून ५० ची बॅटरी लागेल, आणि ती चढावर नेणाऱ्याचे खांदे भरून येतील. लिथियम फेरो-फॉस्फेटची ४० ची पुरते आणि वजनाला निम्म्याहून हलकी असते. फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही.

सौर पॅनल लावायचं तर रोजची गरज ३२३ वॅट-तास. चार तास चांगलं ऊन आणि वाटेतली गळती धरून ११५ वॅटचं पॅनल येतं. १५० चं घ्या. कायमच्या जागेला ढगाळ दिवसांची तरतूद हवी. तीन दिवस ऊन नाही असं धरलं तर ७५ अँपिअर-तास वापरता आले पाहिजेत, म्हणजे बॅटरी १०० ची.

हिशेबातला नजरेतून सुटणारा चोर म्हणजे ऐकतानाचा प्रवाह. तीन चतुर्थांश वेळ तोच चालू असतो. दोन पेट्यांत निवड करायची असेल तर माहितीपत्रकात वॅटच्या आधी हा आकडा शोधा.

## दोन गाडीतले रेडिओ जोडून स्वस्तात होईल ना?

होतं, आणि थोड्या दिवसांच्या कामाला चांगलंही चालतं. पण गाडीतला रेडिओ क्वचित बोलण्यासाठी बनवलेला असतो. रिपीटरवर सगळ्यांचं बोलणं एकाच ट्रान्समीटरच्या माथी येतं, त्यामुळे तो सलग चालतो. ५० वॅटचा रेडिओ १० ते १५ वॅटवर आणा, त्याच्या पाठीवर पंखा बसवा. वेळेची मर्यादा लावा: कुणाचं बटण अडकलं तर तीन मिनिटांनी ट्रान्समीटर आपोआप बंद झाला पाहिजे. आणि दोन्ही रेडिओ वेगवेगळ्या धातूच्या पेट्यांत ठेवा, नाहीतर डुप्लेक्सरला वळसा घालून सिग्नल हवेतूनच एकातून दुसऱ्यात शिरतो.

दोन पट्ट्यांच्या गाडीतल्या काही रेडिओंत एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्यावर बोलायची सोय असते. त्याला अवजड डुप्लेक्सर लागत नाही, गाडी टेकडीवर लावली की झालं. पण हातातला प्रत्येक सेट दोन्ही पट्ट्यांचा हवा, आणि ही सोय तुमच्या परवान्यात बसते का ते आधी बघायला हवं.

## कायमची जागा: नवी ताकद आणि नवी भांडणं

कायमच्या संचात मोठे डबे, जाड केबल, सलग चालणारा ट्रान्समीटर आणि पक्की उंची मिळते. मात्र चांगल्या उंच जागेवर आधीच दहा जणांचे ट्रान्समीटर असतात. छोट्या पेटीतला डुप्लेक्सर बहुधा फक्त स्वतःच्या जोडीपुरते खड्डे खणतो, म्हणजे तेवढ्याच फ्रिक्वेन्सी अडवतो. शेजाऱ्यांचा सिग्नल त्यातून सरळ आत येतो. कायमच्या जागी, आपली फ्रिक्वेन्सी सोडून बाकी सगळं अडवणारे डबे लागतात.

शिवाय दोन शेजारी मिळून तिसरा निर्माण करतात. एक ४५५ वर, दुसरा ४५७.५ वर असेल, तर पहिल्याची दुप्पट वजा दुसरा, म्हणजे ४५२.५ वर त्यांचं भूत उमटतं. तुमचा रिसीव्हर नेमका तिथे असेल, तर ते दोघं एकाच वेळी बोलले की तुमचा रिपीटर विनाकारण जागा होतो. दोष कुणाच्याच रेडिओत नसतो. हे भूत बहुतेकदा ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात तयार होतं. म्हणून गजबजलेल्या जागी ट्रान्समीटरच्या तोंडाशी आयसोलेटर, म्हणजे बाहेरून येणारा सिग्नल आत न घेणारी एकदिशा झडप, लावतात. गंजलेला नटबोल्टसुद्धा हेच करू शकतो.

अँटेना निवडताना 'जास्त गेन म्हणजे जास्त चांगलं' हे उंच डोंगरावर उलटतं. गेन म्हणजे ताकद वाढत नाही. सगळीकडे पसरणारी ताकद चपटी करून क्षितिजाकडे वळवली जाते. ६०० मीटर उंचीवरून, पायथ्याकडच्या दोन किलोमीटरवरच्या वस्तीकडे बघायला साधारण १७ अंश खाली बघावं लागतं. साध्या अँटेनाची उभी फेक ७५ अंशांच्या आसपास असते, तिच्यात ही वस्ती आरामात येते. लांबलचक, जास्त गेनच्या अँटेनाची फेक १५ अंश किंवा कमी, म्हणजे क्षितिजाखाली जेमतेम सात. ४० किलोमीटरवरचा माणूस खुशीत आणि पायथ्याचा कोरडा, अशी अवस्था होते. अशा जागी साधी अँटेना किंवा थोडी खाली झुकवलेली फेक घ्यावी.

आणि पाणी. केबलचा वरचा जोड हा कायमच्या संचाचा सगळ्यात कमजोर दुवा. आपोआप एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळायची, म्हणजे कौलांसारखे थर पडतात आणि पाणी ओघळून जातं. त्यावर साधी काळी टेप. इमारतीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. पाणी शिरलेली केबल फसवी असते: परत येणारी ताकद ती वाटेतच गिळते, म्हणून खालच्या मीटरवर सगळं उत्तम दिसतं आणि रेंज मात्र निम्मी झालेली असते. आकाशातल्या विजेसाठी केबलवर अरेस्टर, म्हणजे तिचा झटका जमिनीत वळवणारा जोड, हवाच, आणि टॉवर, केबलचं कवच, रिपीटर आणि वीजपुरवठा यांचं अर्थिंग एकाच ठिकाणी एकत्र जोडलेलं हवं. वेगवेगळी अर्थिंग असतील तर विजेचा झटका एकातून दुसऱ्यात तुमच्या यंत्रातून वाट काढतो.

## डिजिटल घेतलं तर या कटकटी जातील का?

उंची, केबल आणि पाणी यांतलं काहीच जात नाही. डीएमआर या डिजिटल रेडिओच्या पद्धतीत एकाच फ्रिक्वेन्सीचे ३० मिलिसेकंदांचे दोन आळीपाळीचे कप्पे केलेले असतात, त्यामुळे एका रिपीटरवर दोन वेगळी बोलणी चालतात. हा फायदा खरा आहे. काही डीएमआर संच एका कप्प्यात ऐकून दुसऱ्यात, त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. त्यांना डुप्लेक्सर लागत नाही, म्हणून हलक्या ओझ्याच्या कामाला ते आकर्षक आहेत. पण दुसरं बोलणं तिथे मिळत नाही आणि सगळे सेट त्याच पद्धतीचे लागतात. काठावरचं वागणंही वेगळं: साध्या रेडिओत आवाज खरखरत खरखरत मावळतो, तेव्हा चार पावलं मागे यायचं कळतं. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ असतं आणि मग एकदम तुटतं.

इंटरनेटवरून चालणारे, सिम कार्डाचे वॉकीटॉकी हे रिपीटरच नव्हेत. मोबाइलचं जाळं आहे तोवर ते छान चालतात. बातमीतल्या पुरात ते टॉवरबरोबरच बंद पडतात.

## परवाना

जवळजवळ सगळीकडे रिपीटरला परवाना लागतो, आणि फ्रिक्वेन्सीची जोडी परवान्यातच ठरते. 'विनापरवाना सेट आहेत, त्यांनाच रिपीटर लावू' हे चालत नाही. युरोपातल्या ४४६ मेगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात आणि अमेरिकेतल्या एफआरएस या विनापरवाना सेवेत रिपीटरला मनाईच आहे. अमेरिकेत जीएमआरएस या दुसऱ्या वॉकीटॉकी सेवेत तो चालतो, पण परवाना घेऊन. जोडी हातात आल्याशिवाय डुप्लेक्सरची मागणी नोंदवू नका.

## निवड कशी करायची

काम फिरतं असेल, तर पेटी. शर्यत, शोधमोहीम, महिन्याभराचं बांधकाम यांसाठी टॉवर बांधणं निरर्थक आहे. काम एका जागी वर्षानुवर्षं चालणार असेल, सेट पन्नासाच्या वर असतील, रात्री-अपरात्री कुणी पेटी सांभाळायला नसेल, तर कायमचा. गाडीत बसवलेला संच मधला: गाडीची बॅटरी मोठी असते, वजनाची चिंता नसते, पण रस्ता जातो तिथवरच उंची मिळते.

कायमचा घ्यायचं ठरलं तरी आधी पेटीच घ्यावी किंवा भाड्याने आणावी, असं माझं मत आहे. ठरवलेल्या जागी ती चार-पाच दिवस चालू ठेवा. एकाने सेट घेऊन सगळा परिसर फिरावा आणि दर पाचशे मीटरवर दोन नोंदी कराव्यात: मला रिपीटर कसा ऐकू आला, आणि माझं रिपीटरवर कसं पोचलं. दोन्ही वेगवेगळ्या लिहायच्या. पहिली चांगली आणि दुसरी वाईट अशी ठिकाणं जास्त निघाली, तर वॅट वाढवून काहीही होणार नाही. कान सुधारावा लागेल. दोन्ही वाईट असतील तर जागा किंवा अँटेना बदला. नकाशावर न दिसणारी एखादी दरी या फेरीतच सापडते. पुढे कायमचा संच बसला की पेटी त्याची राखीव म्हणून कामाला येते.

## सुरू करताना हमखास होणाऱ्या चुका

रिपीटर ऐकू येतो पण आपलं ऐकत नाही: बहुतेकदा टोन चुकलेला असतो. टोन म्हणजे आवाजाखाली चालणारी मंद गुणगुण, साधारण ६७ ते २५४ हर्ट्झची. ती ऐकू आली तरच रिपीटर दार उघडतो, नाहीतर कुठल्याही खरखरीने जागा होत राहील. सेटमध्ये तो टोन पाठवण्याच्या बाजूला भरायचा असतो. पुष्कळ जण फक्त ऐकण्याच्या बाजूला भरतात.

आवाज फार बारीक किंवा फाटलेला येतो: एकाचा चॅनल १२.५ किलोहर्ट्झचा आणि दुसऱ्याचा २५ चा असतो.

पहिला शब्द तुटतो: टोन ओळखायला रिपीटरला क्षणभर लागतो. बटण दाबून एक सेकंद थांबून बोलायचं. 'थांबा' म्हटलेलं पलीकडे 'बा' ऐकू गेलं, तर आणीबाणीत काय होईल ते सांगायला नको.

आणि बधिरपणा. याची तपासणी प्रत्येक उभारणीनंतर करा, दोन मिनिटांचं काम आहे. एकाला इतका लांब पाठवा की त्याचा आवाज रिपीटरवर खरखरत पोचेल. तो सलग आकडे म्हणत राहील. रिपीटरच्या रिसीव्हरचा स्पीकर ऐका. आधी ट्रान्समीटर बंद ठेवून, मग चालू करून. चालू करताच खरखर वाढली किंवा आवाज बुडाला, तर कान बधिर होतोय. आता ट्रान्समीटरची ताकद निम्मी करून बघा. आकडे पुन्हा स्वच्छ ऐकू आले, तर जोडीसाठी डुप्लेक्सरची भिंत कमी पडतेय. ताकद निम्मी करूनही फरक पडला नाही, तर केबल हातात धरून हलवा, एकेक जोड घट्ट करा. तरीही खरखर राहिली तर अँटेनाच्या जागी, डुप्लेक्सरच्या तोंडाशी, डमी लोड (ताकद हवेत न फेकता आतच जिरवणारी खोटी अँटेना) लावा आणि रिपीटरजवळ येऊन अगदी कमी ताकदीचा सेट वापरून हीच तपासणी करा. डमी लोडवर बधिरपणा गेला, तर दोष वर आहे: केबलमध्ये, अँटेनात किंवा शेजारच्या गंजलेल्या पत्र्यात. नाही गेला तर दोष पेटीच्या आत आहे, आणि काठीवर चढायची गरज नाही.